बंदराची कडी घाटात

इ.स. १७१४ च्या आरंभी शाहू छत्रपतींच्या वतीने पेशवे बाळाजी विश्वनाथ आणि कान्होजी आंग्रे यांच्यात तह झाला. या तहाने कान्होजींकडे जे किल्ले कायम झाले त्यांची यादी ग्रँट डफने आपल्या इतिहासात दिली आहे आणि पुढच्या अनेकांनी ती उतरवून घेतली आहे. यादीचे दोन भाग आहेत. पहिल्यात दहा मोठे किल्ले : खांदेरी, कुलाबा, सुवर्णदुर्ग, विजयदुर्ग, जयगड, देवगड वगैरे. दुसऱ्यात सोळा दुय्यम ठिकाणे. पहिला भाग वाचताना कोणाला नवल वाटत नाही. सरखेलांकडे जलदुर्ग असायचेच. दुसऱ्या भागात मात्र कोथळा, विकटगड, माणिकगड, श्रीवर्धन, मनरंजन अशी नावे येतात. विकटगड म्हणजे नेरळजवळचा, माथेरानच्या रांगेतला पेब. माणिकगड रसायनीजवळचा, पाताळगंगेच्या खोऱ्यावरचा. कोथळा म्हणजे कर्जत तालुक्यातला पेठचा किल्ला, कोथळीगड, असे मानतात. यांपैकी एकाही गडाच्या पायथ्याशी भरतीचे पाणी येत नाही.

यादीतल्या श्रीवर्धनाबद्दल थोडा खुलासा करायला हवा. हे नाव वाचले की आपल्याला दक्षिण रायगडातले बंदर आठवते. पण १७१४ साली ते बंदर जंजिऱ्याच्या सिद्दीकडे होते. तह करायला आलेले बाळाजी विश्वनाथ स्वतः श्रीवर्धनच्या भट देशमुखांपैकी, आणि सिद्दीच्या जाचाने गाव सोडून घाटावर आलेले. जे आपल्या हाती नाही ते शाहू महाराज कान्होजींना देणार कसे? शिवाय यादीत श्रीवर्धनाला लागूनच मनरंजन आहे. राजमाचीच्या दोन बालेकिल्ल्यांची नावे हीच : उंच तो श्रीवर्धन, त्याच्या जोडीचा मनरंजन. यादीतले श्रीवर्धन हे राजमाचीचे शिखर आहे, याबद्दल मला शंका वाटत नाही. आजच्या महसुली हद्दीप्रमाणे राजमाची मावळात मोडते. पण तिची कोकणाकडची उतरण कोंढाण्याच्या लेण्यांवरून थेट कर्जत तालुक्यात येते.

मग प्रश्न उरतो तो असा, की ज्या माणसाचे सारे सामर्थ्य गुराबा-गलबतांत होते, त्याला हे डोंगर कशासाठी हवे होते? तहाआधी, १७१३ मध्ये, कान्होजींनी घाटमाथ्यावर चढून लोहगड घेतला होता, राजमाची घेतली होती आणि चालून आलेले पेशवे बहिरोपंत पिंगळे यांना कैद केले होते. तडजोड झाली तेव्हा त्यांनी पुष्कळ काही सोडले, पण घाटाखालचे आणि घाटाच्या तोंडावरचे हे गड राखले. ही केवळ मुलूखगिरीची हाव म्हणून सोडून देता येत नाही. कर्जत-खालापूरचा नकाशा समोर ठेवला की त्यामागचा हिशेब दिसू लागतो.

राजमाची, लोणावळा, खंडाळा हा सह्याद्रीचा एकच सलग ठोकळा आहे. त्याच्या उत्तर अंगाला उल्हास नदी निघते. ती कर्जतवरून कल्याणला जाते आणि वसईच्या खाडीला मिळते. पश्चिम अंगाला खोपोलीकडून पाताळगंगा निघते. ती रसायनी, आपटे, खारपाडा करीत धरमतरच्या खाडीत उतरते. दक्षिण अंगाला उंबरखिंडीजवळून अंबा नदी जांभूळपाडा, पाली, नागोठणे करीत त्याच धरमतरच्या खाडीला जाते. कल्याण, भिवंडी, पनवेल, पेण, नागोठणे ही जुन्या उत्तर कोकणची खाडीकाठची बंदरे या नद्यांच्या मुखाशी किंवा शेजारी बसलेली आहेत. बंदरात उतरलेला माल घाट चढून गेल्याशिवाय त्याचे पैसे होत नाहीत आणि घाटावरचे धान्य खाली उतरल्याशिवाय तारवांना परतीचे भरणे मिळत नाही. बोरघाट, कुसूरघाट, कुरवंड्याची वाट, राजमाचीची नाळ या वाटांवर ज्याचा पहारा, त्याच्या हातात या सर्व बंदरांची मागची कडी. पुढचे दार समुद्राकडे असते, हे कोणीही सांगेल. मागचे दार आमच्या दोन तालुक्यांत आहे, हे सहसा सांगितले जात नाही.

ही गोष्ट शिवकालाहूनही जुनी आहे. राजमाचीच्या पायथ्याची कोंढाण्याची बौद्ध लेणी इसवी सनापूर्वीची. कल्याण आणि सोपाऱ्याहून घाटावर जाणाऱ्या व्यापारी वाटांचीच ती साक्ष आहे. पहिल्या शतकातल्या ‘पेरिप्लस’ या ग्रीक प्रवासग्रंथात कल्याणबद्दल असे नोंदले आहे, की त्या काळी तिथे चुकून शिरलेली ग्रीक गलबते पहारा देऊन भडोचला नेली जात. म्हणजे बंदरांची कोंडी करण्याचे राजकारण दोन हजार वर्षांपूर्वीही चालू होते. त्याच शतकातला रोमन लेखक प्लिनी सांगतो, की हिंदुस्थानच्या वाटेवरच्या जहाजांवर चाच्यांच्या भीतीने तिरंदाज ठेवावे लागत. चाचे समुद्रात भेटत, पण चाचेगिरी पोसली जाते ती किनाऱ्यावरच्या आसऱ्यावर आणि लुटीच्या मालाला मिळणाऱ्या जमिनीवरच्या गिऱ्हाइकावर. दोन्हींचा बंदोबस्त जमिनीवरच होतो.

शिवाजी महाराजांनी १६५७ च्या ऑक्टोबरात कल्याण-भिवंडी घेतली आणि तिथल्या खाडीत जहाजबांधणी सुरू केली. रुई लैतांव व्हिएगश या पोर्तुगीज कारागिराच्या हाताखाली कामकरी आणि त्यांची कुटुंबे धरून सुमारे ३४० माणसे या कामावर होती. हे आरमार उद्या आपल्यावरच उलटेल हे ओळखून वसईच्या पोर्तुगीज अधिकाऱ्याने १६५९ मध्ये त्यांना फितवले आणि काम अर्धे टाकून ती माणसे निघून गेली. आरमार बांधणे थांबले नाही. पण नव्या आरमाराची पहिली खरी परीक्षा समुद्रावर झालीच नाही. ती झाली खालापूर तालुक्यातल्या चावणी गावाजवळ.

शाइस्तेखान पुण्यात तळ देऊन बसला होता. त्याने कारतलबखान उझबेकाला कोकणात धाडले. परमानंदाच्या शिवभारतात त्याला जिंकायला सांगितलेली ठाणी आली आहेत : कल्याण, भिवंडी, पनवेल, चौल, नागोठणे. ही यादी नीट वाचावी. यात एकही डोंगरी किल्ला नाही. सगळी बंदरे आहेत. मोगलांना महाराजांचे आरमार समुद्रावर गाठायचे नव्हते, मागून बंदरे काढून घेऊन ते पाण्याविना मारायचे होते. खान लोणावळ्याच्या बाजूने कुरवंड्याच्या वाटेने उतरला आणि उंबरखिंडीच्या दाट रानात अडकला. मागेपुढे वाट बंद, तोंडात पाणी घालायला जागा नाही. सोबत असलेल्या रायबागनने त्याला शरण जाण्याचा सल्ला दिला. सामानसुमान टाकून, जीवदान मागून खान परत गेला. ही लढाई २ फेब्रुवारी १६६१ च्या सुमाराची. आज चावणीला अंबा नदीच्या पात्राजवळ स्मारक आहे आणि दर वर्षी तिथे लोक जमतात. भाषणे होतात ती गनिमी काव्यावर, आणि ते योग्यच आहे. पण त्या दिवशी खिंडीत नागोठण्याचे आणि कल्याणचे बंदर वाचले, हेही तिथे कोणी तरी सांगायला हवे.

उलट बाजूने समुद्राचा त्रास आत किती खोल येऊ शकतो, हे पुढच्याच दशकात दिसले. १६७३ मध्ये सिद्दीची गलबते पेण आणि नागोठण्याच्या खाड्यांतून आत शिरली, काठची गावे जाळली, माणसे धरून नेली. सिद्दीचे आरमार पावसाळ्यात मुंबई बंदरात आसरा घेई आणि इंग्रज त्याला ‘नाही’ म्हणू शकत नसत. यावर उपाय म्हणून महाराजांनी १६७९ मध्ये मुंबईच्या तोंडावर खांदेरी बांधायला काढली. इंग्रजांनी गलबते पाठवून ती अडवण्याचा प्रयत्न केला, १८ ऑक्टोबरला दौलतखानाच्या आरमाराशी त्यांची झुंज झाली. या प्रसंगात एक उपकथा आहे ती मला मुख्य कथेइतकीच महत्त्वाची वाटते. खांदेरीवर दाब येताच महाराजांनी कल्याणकडे पाच हजारांच्या आसपास फौज रवाना केली. ठाण्याच्या बाजूने मुंबई बेटावर जाण्यासाठी तिने पोर्तुगीजांकडे वाट मागितली. पोर्तुगीजांनी ती दिली नाही. तरीही मुंबईकरांना जे समजायचे ते समजले, आणि १६८० च्या आरंभी त्यांनी तडजोड केली. बेटाचे रक्षण करायला आरमार लागले, त्या आरमाराचा भार हलका करायला घोडदळ लागले.

आता कान्होजींकडे येऊ. मुंबईकर इंग्रजांच्या कागदांत त्यांचा उल्लेख चाचा असाच येतो, आणि इंग्रजी पुस्तकांतून तो शब्द आपल्याकडेही रुळला. हा शब्द कोणी कोणासाठी वापरायचा, याला तेव्हाही नियम होते आणि आजही आहेत. आजचा आंतरराष्ट्रीय कायदा चाचेगिरी म्हणतो ती खासगी लाभासाठी भर समुद्रात केलेल्या लुटीला. कान्होजी छत्रपतींचे सरखेल होते. कौल किंवा दस्तक देऊन, ठरलेली रक्कम घेऊन व्यापाऱ्यांची तारवे आपल्या पाण्यातून सुखरूप जाऊ देणे हा त्यांच्या राज्याचा हक्क होता. पोर्तुगीज दीडशेहून अधिक वर्षे आपल्या परवान्याचा असाच आग्रह धरीत आले होते, इंग्रजही स्वतःचे परवाने देत. भांडण लुटीचे नव्हते. परवाना कोणाचा चालणार, याचे होते. खरी लूट पाहायची तर १६९५ कडे जावे. त्या वर्षी हेन्री एव्हरी या इंग्रज चाच्याने औरंगजेबाचे ‘गंज-ई-सवाई’ हे मक्केहून परतणारे जहाज लुटले. बादशहाने सुरतेच्या इंग्रजांना कोंडून ठेवले, आणि यात्रेकरूंच्या जहाजांना सोबत देण्याची जबाबदारी त्यांच्यावर आली.

परवान्याची पद्धत चांगली की वाईट हे ती राबवणाऱ्यांच्या पोटापाण्यावर ठरते. रामचंद्रपंत अमात्यांच्या नावे असलेले ‘आज्ञापत्र’ या तहाच्या सुमाराचेच आहे. त्यात आरमारावर एक प्रकरण आहे. आरमाराला तनखा मुलखातून नेमून द्यावा, बंदरात येणाऱ्या पैदास्तीवर त्याची नेमणूक करू नये, असा तिथे स्पष्ट उपदेश आहे. कारणही दिले आहे : पहारेकऱ्याचे पोट येणाऱ्या-जाणाऱ्या मालावर ठेवले की सावकाराला उपद्रव होतो आणि बंदर ओस पडते. कौल असलेल्या व्यापाऱ्याला जराही धक्का लागू नये, अशीही ताकीद आहे.

मला वाटते, १७१४ च्या यादीतल्या डोंगरी नावांचा अर्धा खुलासा इथे होतो. घाटाच्या वाटा राखायच्या होत्याच. पण गडांबरोबर गडाखालचा मुलूखही येतो आणि मुलखाचा वसूलही येतो. भाताच्या खाचरांचा हा वसूल वर्षाच्या वर्षाला ठरलेला असतो, समुद्रावरची मिळकत तशी नसते. नेरळ-चौकच्या खोऱ्यातल्या कुणब्याने भरलेल्या धाऱ्यातून कुलाब्याच्या खलाशाचा पगार नेमका किती भागत असे, हे आकड्यांत मांडता येणार नाही. पण तत्त्व त्या काळच्या राज्यकर्त्यांना ठाऊक होते, एवढे ‘आज्ञापत्र’ नक्की सांगते.

१७२१ च्या डिसेंबरात याची कसोटी लागली. मादागास्करच्या चाच्यांचा बंदोबस्त करण्यासाठी इंग्लंडच्या राजाने कमोडोर थॉमस मॅथ्यूज याला चार युद्धनौका देऊन पाठवले होते. तो मुंबईत आला आणि इंग्रज-पोर्तुगीजांच्या संयुक्त फौजेबरोबर कुलाब्यावर चालून गेला. तोफा, जहाजे, शिपाई सगळे त्यांच्या बाजूला होते. पण शाहू महाराजांची फौज घाटावरून कान्होजींच्या मदतीला आली, बाजीराव पेशवेही आले, आणि अलिबागच्या मैदानात हल्ल्याची धूळधाण झाली. खुद्द मॅथ्यूजच्या मांडीत एका मराठा स्वाराने भाला घातला. समुद्राचा सेनापती घोडेस्वाराकडून जखमी व्हावा, यात त्या लढाईचे सारे सार आले. पोर्तुगीजांनी १७२२ च्या जानेवारीत बाजीरावांशी वेगळा तह करून अंग काढून घेतले. मॅथ्यूज मायदेशी परतला तेव्हा राजाच्या जहाजांतून खासगी व्यापार केल्याबद्दल लष्करी न्यायालयाने त्याला दोषी ठरवले. चाच्यांवर नेमलेला पहारेकरी स्वतःच पैदास्तीवर पोट भरीत होता.

कान्होजी १७२९ मध्ये वारले. थोरले सेखोजी १७३३ मध्ये गेले आणि संभाजी-मानाजी या भावांत वाटणीचा वाद पेटला. पेशव्यांनी मध्ये पडून मानाजीला कुलाब्यावर आणि संभाजीला दक्षिणेकडच्या किल्ल्यांवर बसवले. या मध्यस्थीच्या मोबदल्यात पेशव्यांकडे काय गेले? राजमाची आणि कोथळा. घर फुटले ते समुद्रावर, किंमत दिली गेली ती कर्जतच्या डोंगरांत. पेशव्यांनी मागितले तेही एखादे बंदर किंवा जलदुर्ग नव्हे; त्यांनी घाटाची कडी मागितली, यावरून तिचे मोल त्यांना पुरेपूर माहीत होते. आंग्र्यांचे आरमार यानंतरही पाव शतक दबदबा राखून होते. पण त्याची पाठ आता दुसऱ्याच्या हातात होती. संभाजीनंतर आलेल्या तुळाजी आंग्र्यांचे नानासाहेब पेशव्यांशी बिनसले तेव्हा पेशव्यांनी इंग्रजांची मदत घेतली. १७५५ मध्ये सुवर्णदुर्ग पडला. १७५६ च्या फेब्रुवारीत वॉटसन आणि क्लाइव्ह यांनी विजयदुर्ग घेतला आणि बंदरातले आरमार जळून गेले. १७२१ साली घाटावरून मदत आली होती. १७५६ साली घाटावरची फौज शत्रूच्या बाजूला उभी होती. या दोन तारखांमध्ये किल्ल्यांचे दगड तेच होते आणि समुद्रही तोच होता.

इंग्रजांनी हा धडा आमच्यापेक्षा लक्षपूर्वक गिरवला असे म्हणावे लागते. पनवेलवरून बोरघाट चढून पुण्यावर जाण्याचा त्यांचा पहिला प्रयत्न १७७९ च्या जानेवारीत वडगावला नामुष्कीने संपला. दुसऱ्या खेपेस, १७८१ मध्ये, जनरल गॉडार्ड घाटापर्यंत आला. हरिपंत फडके आणि परशुरामभाऊ पटवर्धन यांच्या फौजांनी पनवेलहून येणारी त्याची रसद वाटेत झोडपली आणि त्याला मागे फिरावे लागले. म्हणजे ज्यांच्या हाती समुद्र पूर्ण होता, त्यांनाही खोपोलीच्या पुढे जाता येईना. मग १८०४ मध्ये वेलस्लीने घाटात तोफा चढतील असा रस्ता केला, १८३० मध्ये माल्कमने गाडीरस्ता खुला केला, १८६३ मध्ये कर्जतवरून रेल्वे घाट चढली. घाट हाती आला, आणि मुंबई हे हिंदुस्थानचे बंदर झाले ते त्यानंतर.

हे सगळे इतिहासजमा झाले असे कोणाला वाटत असेल तर १९९३ चे वर्ष आठवावे. त्या वर्षी जानेवारीत दिघीला आणि ३ व ७ फेब्रुवारीला श्रीवर्धन तालुक्यातल्या शेखाडीला शस्त्रे आणि आरडीएक्स उतरले. १२ मार्चला मुंबईत बारा ठिकाणी स्फोट झाले, २५७ माणसे मेली. न्यायालयासमोर जे आले त्यातला एक प्रसंग प्रत्येक रायगडकराने लक्षात ठेवावा असा आहे. दिघीला उतरलेला माल घेऊन निघालेली वाहने गोंडघर फाट्यावर पोलिसांच्या पथकाने अडवली होती. ती अडवली गेली आणि लाच ठरवून सोडली गेली. रोकड पुरी पडेना म्हणून चांदीच्या विटा तारण ठेवून घेतल्या गेल्या. सीमाशुल्क खात्याचे वरिष्ठ अधिकारीही या खटल्यात दोषी ठरले. चांदीच्या चोरट्या आयातीकडे वर्षानुवर्षे डोळेझाक करून ज्यांचे पोट भरत होते, त्यांना या खेपेला पेट्यांत काय आहे ते पाहण्याचे कारण वाटले नाही. तनखा पैदास्तीवर नेमू नये, हे वाक्य लिहिले गेले त्याला तेव्हा पावणेतीनशे वर्षे होत आली होती.

या स्फोटांनंतर नौदल, तटरक्षक दल आणि पोलीस यांची ‘ऑपरेशन स्वान’ ही संयुक्त गस्त सुरू झाली. तरीही २६ नोव्हेंबर २००८ ला ‘कुबेर’ ही मासेमारी नौका बळकावून दहा दहशतवादी आले आणि रबरी बोटीतून कफ परेडच्या मच्छीमार वस्तीजवळ उतरले. त्यांना पहिल्यांदा हटकले ते कोळ्यांनी. २००९ पासून किनाऱ्याच्या सुरक्षेची एकंदर जबाबदारी नौदलाकडे आली, सागरी पोलीस ठाणी वाढली, गावोगाव सागर सुरक्षा दले उभी राहिली. १८ ऑगस्ट २०२२ ला हरिहरेश्वरच्या किनाऱ्याला एक बेवारस नौका लागली. तिच्यात तीन एके-४७ रायफली निघाल्या. ओमानजवळ संकटात सापडून सोडून दिलेली ती नौका लाटांनी इकडे आणली होती, घातपात नव्हता. पण तो दिवस श्रीवर्धनकरांनी कसा काढला असेल, हे १९९३ माहीत असणाऱ्याला सांगायला नको.

समुद्रावरची बाजू आता बरीच पक्की झाली आहे. जहाजे आणि बंदरे यांच्या सुरक्षेची आंतरराष्ट्रीय संहिता १ जुलै २००४ पासून लागू आहे. चाचेगिरीविरुद्ध आपला स्वतंत्र कायदा २०२२ मध्ये संसदेने केला. २०२४ च्या मार्चमध्ये ‘आयएनएस कोलकाता’ने ३५ सोमाली चाचे पकडून मुंबईत आणले ते त्याच कायद्याच्या बळावर. पण त्या संहितेची हद्द जहाज आणि बंदर यांच्या आवारापर्यंत आहे. न्हावा-शेव्याच्या फाटकातून बाहेर पडलेला कंटेनर खालापूरच्या टोलनाक्यावर येतो तेव्हा तो जहाजाचाही नसतो आणि बंदराचाही नसतो. त्याच्या दाराला एक सील असते, चालकाजवळ कागद असतात, आणि पुढे रस्ता असतो. रोज हे ट्रेलर पाहणाऱ्या आमच्या लोकांना समुद्राशी आपला काही संबंध आहे असे वाटत नाही. आमचा तालुका ‘आतला’ आहे, असेच आम्ही लहानपणापासून ऐकत आलो.

ही समजूत बदलणे एवढाच या लेखाचा हेतू आहे. पेब, माणिकगड, कोथळीगड, राजमाची हे आज पावसाळी भटकंतीचे गड झाले आहेत. शनिवार-रविवारी त्यांच्या वाटांवर रांगा लागतात, पायथ्याच्या जमिनी फार्महाऊससाठी विकल्या जातात. गडावर लावलेल्या फलकांवर टाके, बुरूज, गुहा यांची माहिती असते. त्यात एक ओळ वाढवावी : हा गड मराठ्यांच्या आरमाराचा होता. ती ओळ वाचून एखादा शाळकरी मुलगा विचारेल, की इथे तर समुद्र नाही, मग आरमार कसे? त्याला शिक्षकाने नदीचे पात्र दाखवावे आणि ते कुठे जाते हे विचारावे.

कान्होजींच्या समाधीला अलिबागेत फुले वाहिली जातात, मुंबईच्या नौदल तळाला त्यांचे नाव आहे. हा मान उशिरा का होईना, रास्त मिळाला. मात्र त्यांनी तहात हट्टाने राखून घेतलेल्या डोंगरांना आपण त्यांच्या नावाशी कधी जोडले नाही. त्यांना जे कळले होते ते आजच्या बंदोबस्तालाही लागू आहे : बंदराचा पहारा धक्क्यावर सुरू होतो, पण तो टिकतो घाटातल्या शेवटच्या नाक्यापर्यंत, आणि त्या नाक्यावर उभ्या असलेल्या माणसाला महिन्याच्या महिन्याला नेमून दिलेल्या पगारावर.